मदत हवी आहे: जगाचा इतिहास घरी, ख्रिस्ती दृष्टीने शिकवायचा आहे, पण चर्चची पापं झाकायची नाहीत

नमस्कार. आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. थोरली बारा वर्षांची आहे, धाकटा आठचा. बाकीच्या विषयांची घडी बसली आहे, अडलंय ते जगाच्या इतिहासापाशी. आम्ही ख्रिस्ती आहोत आणि इतिहास देवाच्या हाती आहे असं मनापासून मानतो. हे मुलांपर्यंत पोचावं अशी माझी इच्छा आहे. पण जी तयार पुस्तकं चाळली, त्यांतली बरीचशी एका किंवा दुसऱ्या टोकाला गेलेली वाटली. काहींमध्ये जगाचा इतिहास म्हणजे इस्राएल, मग रोम, मग युरोप. उरलेलं जग मिशनरी पोचेपर्यंत जणू नव्हतंच. काहींमध्ये धर्म म्हणजे राजांनी वापरलेलं हत्यार, त्यापलीकडे काही नाही. यातलं काहीच मुलांच्या हाती द्यावंसं वाटत नाही.

प्राचीन काळ छान चाललाय. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला, तो प्रसंग आम्ही २ राजे १८ आणि १९ मधून वाचला आणि शेजारी सन्हेरीबाचा स्वतःचा कोरीव लेख ठेवला. तो म्हणतो, यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. शहर जिंकलं असं मात्र तो म्हणत नाही, आणि निनवेच्या राजवाड्यातल्या भिंतींवर त्याने कोरून घेतला तो यहूदातल्याच लाखीश शहराचा पाडाव. खंडणीचं सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) आहे. चांदी मात्र पवित्र शास्त्रात ३०० आणि सन्हेरीबाकडे ८००. मुलीने लगेच विचारलं, मग खरं कोण सांगतंय? त्या प्रश्नावर झालेली चर्चा मला कुठल्याही धड्यापेक्षा मोलाची वाटली. कोरेशाच्या बाबतीतही तसंच झालं (इतिहासाच्या पुस्तकांत हाच सायरस). इ.स.पू. ५३९ मध्ये त्याने बाबेल घेतलं. त्याच्या मातीच्या दंडगोलावर विजयाचं श्रेय बाबेलच्या मार्दूक देवाला दिलंय, एज्राच्या पहिल्या अध्यायात तेच श्रेय परमेश्वराला आहे, आणि यशया ४५ त्याला चक्क अभिषिक्त म्हणतो.

खरी अडचण चौथ्या शतकापासून सुरू होते. ३१३ मध्ये रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला आणि ३८० मध्ये तोच विश्वास साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. छळ सोसणाऱ्यांच्या हाती सत्ता आली. पुढे १०९६ मध्ये यरुशलेमकडे निघालेल्या क्रूसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) जमावांनी वाटेत ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ शहरांत ज्यूंची कत्तल केली. १०९९ मध्ये यरुशलेम जिंकल्यावर क्रूसेडच्या सैन्याने तिथे केलेली कत्तल सगळ्यांना ठाऊक आहे. १२०४ मध्ये तर ख्रिस्ती सैन्याने ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपल लुटलं. नंतर गुलामांचा व्यापार. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांत कोंबली गेली, आणि कोंबणारे बहुतेक बाप्तिस्मा घेतलेले होते.

हे सगळं सोडून फक्त विल्बरफोर्सने १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेत व्यापारबंदीचा कायदा कसा करून घेतला एवढंच शिकवलं, तर ती खोटी साक्ष होईल, आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा इतिहास शिकवतानाही लागू आहेच. पण आठ वर्षांच्या मुलापुढे हे सगळं एकदम ओतायचं का?

दुसरी गोष्ट त्याहून अवघड वाटते. 'देवाचा हात' दाखवायचा म्हणजे काय करायचं? आमच्या ओळखीतले काही जण प्रत्येक साम्राज्याच्या पडझडीला देवाची शिक्षा म्हणतात आणि आपल्या विजयाला आशीर्वाद. माझं मन ते मान्य करत नाही, पण त्याऐवजी मुलांना काय सांगायचं हे सुचत नाही. ज्यांनी घरी शिकवलंय किंवा ज्यांचा इतिहास हा विषय आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. क्रम कसा ठेवला, कुठल्या वयात काय सांगितलं, चीन, भारत, आफ्रिका, इस्लाम यांना जागा कशी दिली, सगळंच हवं आहे.

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं इतिहास शिकवतो आहे आणि विश्वासणाराही आहे. पहिली सूचना अशी की घरात कालरेषा एकच ठेवा. पवित्र शास्त्राची एक आणि 'जगाची' दुसरी अशा दोन केल्या की मुलं न सांगताच शिकतात की एक गोष्ट रविवारची आणि दुसरी खरी. मेर्नेप्ताह या फारोच्या शिलालेखात इ.स.पू. १२०८ च्या आसपास इस्राएलचा उल्लेख येतो. तो त्याच रेषेवर लावा. कन्फ्यूशियसचा जन्म इ.स.पू. ५५१ चा मानतात, म्हणजे यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासात होते त्याच काळातला. तोही तिथेच लावा. याला आधार हवा असेल तर आमोस ९:७ वाचा. तिथे परमेश्वर इस्राएलला विचारतो की जसं तुम्हाला मिसरातून आणलं, तसं पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मी आणलं नाही का? शत्रूंच्या स्थलांतरातही देव आहे, असं संदेष्टा स्वतःच्याच लोकांना सुनावतोय. हे एक वचन नीट समजलं तर 'बाकीचं जग' ही कल्पनाच उरत नाही.

चर्चचा इतिहासही युरोपाबाहेर न्या. अक्सुमचा (आजच्या इथिओपियाच्या भागातलं जुनं राज्य) राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. त्याच्या नाण्यांवर आधी चंद्रकोर होती, पुढच्या नाण्यांवर क्रूस आला. नाण्यांची चित्रं धाकट्याला दाखवा, बदल तो स्वतःच शोधेल. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा धर्मसेवक चीनमध्ये, तांग राजवटीच्या राजधानीत पोचला. ७८१ मध्ये उभारलेला शिलालेख त्याची हकीकत सांगतो आणि तो आजही शीआनमध्ये आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक हा पूर्वेकडच्या चर्चचा वैद्य ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषेत आणत होता. खलिफांच्या राजधानीत अरबी बोलणारा ख्रिस्ती विद्वान भेटला की इस्लामचा इतिहास 'शत्रूचा इतिहास' म्हणून शिकवताच येत नाही.

आता पापांबद्दल. याची शिकवण शास्त्रातच आहे. २ शमुवेलच्या ११ व्या अध्यायात दावीद उरीयाच्या बायकोला घेतो आणि उरीयाला मारवतो. १२ व्या अध्यायात नाथान संदेष्टा राजाच्या तोंडावर सांगतो, तो मनुष्य तूच आहेस. १ इतिहासाच्या २० व्या अध्यायात त्याच युद्धाची हकीकत आहे आणि हा प्रसंग गाळलेला आहे. दोन्ही पुस्तकं शास्त्रात आहेत. थोरलीला दोन्ही वाचायला द्या आणि विचारा, कोणी काय ठेवलं, काय गाळलं, कशासाठी?

यासाठी माझं आवडतं उदाहरण मिलानचा बिशप अँब्रोज. ३९० मध्ये थेस्सलोनिकात कत्तल करवली म्हणून त्याने सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त घ्यायला लावलं. हे सगळीकडे गौरवाने सांगतात आणि सांगावंच. पण ३८८ मध्ये कॅलिनिकम इथलं ज्यूंचं सभास्थान ख्रिस्ती जमावाने जाळलं, तेव्हा ते बिशपाने बांधून द्यावं हा सम्राटाचा हुकूम याच अँब्रोजने रद्द करवला होता. माणूस तोच, मधे दोन वर्षांचं अंतर. एक अर्धा लपवला की दुसराही खोटा पडतो. मुलांना हे झेपतं, हा माझा अनुभव आहे. मोठी झाल्यावर लपवलेलं कळलं तर ते मात्र झेपत नाही.

प्रतिसाद:
वरच्या दादांशी बराचसा सहमत, पण आठ वर्षांच्या मुलाबाबत थोडा आवर घाला. त्या वयात कत्तलींचे तपशील नकोत, अन्याय आणि अन्यायाला नाही म्हणणारी माणसं मात्र जरूर हवीत. आमच्याकडे माँटेसिनोसची गोष्ट उपयोगी पडली. १५११ मध्ये हिस्पानिओला बेटावर या डॉमिनिकन धर्मगुरूने समोर बसलेल्या स्पॅनिश मालकांनाच विचारलं, ही मूळची माणसं माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? ऐकणारे खवळले. स्वतः जमीन आणि राबणारे लोक बाळगणाऱ्या लास कासासने १५१४ मध्ये ते सगळं सोडलं आणि उरलेलं आयुष्य त्या लोकांसाठी भांडण्यात घालवलं. यात गुन्हा झाकला जात नाही, आणि मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र रक्ताऐवजी तो प्रश्न राहतो. सुरुवातीला लास कासासनेच आफ्रिकेतून गुलाम आणावेत असं सुचवलं होतं आणि नंतर त्याचा त्याला पश्चात्ताप झाला, हा भाग थोरलीसाठी ठेवा.

फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन ती चौदा-पंधराची झाली की द्या. त्याच्या पुरवणीत त्याने ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म यांत स्पष्ट रेघ ओढली आहे. तुम्ही जे शोधताय ते तिथे एका गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाच्या तोंडून मिळेल.

प्रतिसाद:
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. धागा प्रामाणिक वाटला म्हणून. इतरांचा इतिहास त्यांच्याच शब्दांत वाचून घ्या. अशोकाचा तेरावा शिलालेख घ्या: कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हलवली गेली, आणि राजा स्वतःच्या पश्चात्तापाची गोष्ट खडकावर कोरतो. ती नाथानाच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. आणि एक कसोटी सुचवतो. तुमचा इस्लामवरचा धडा एखाद्या मुसलमान मुलाने शेजारी बसून ऐकला, तर त्यात त्याला आपला धर्म ओळखू येईल का? तुमच्या धर्मावरच्या धड्याबाबतही तुम्हाला हीच अपेक्षा असणार.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. ही कसोटी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते आहे. दादा, अँब्रोजची दुसरी बाजू मला नवीन होती. 'देवाच्या हाता'बद्दल मात्र अजून कोणी लिहिलं नाही. आम्ही लवकरच १२५८ मधल्या बगदादच्या पाडावापाशी पोचू. शहर पाडणाऱ्या मंगोल हुलागूची राणी दोकुझ खातून ख्रिस्ती होती आणि त्या संहारात बगदादमधले ख्रिस्ती वाचले. मुलगी विचारणारच, देवाने वाचवलं का? आणि मग बाकीच्यांना का नाही?

प्रतिसाद:
(पहिल्या प्रतिसादातलाच मी.) ताई, याचं उत्तर प्रभूने दिलेलं आहे, ते लूक १३ मध्ये. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून तो स्वतःच नाही म्हणतो आणि ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. मेलेल्यांचा हिशेब मांडायची परवानगी त्याने आपल्याला दिलेली नाही.

४१० मध्ये गॉथांनी रोम लुटलं, तेव्हा जुन्या देवांना सोडलं म्हणून हे झालं, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर झाला. ऑगस्टीनने त्याला उत्तर द्यायला २२ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की या जगातली सुखंदुःखं चांगल्या-वाईट सगळ्यांच्याच वाट्याला येतात, आणि कुठलंही साम्राज्य म्हणजे देवाचं नगर नव्हे. आपल्या बाजूच्या विजयालाही मग तोच नियम लागतो.

शास्त्रात 'देवाने ते चांगल्यासाठी योजलं' हे वाक्य योसेफ म्हणतो, उत्पत्ती ५०:२० मध्ये. विकला गेलेला तो स्वतः होता, आणि मधे कित्येक वर्षं गेली होती. विकणाऱ्या भावांना ते म्हणायचा अधिकार नव्हता. म्हणून बगदादबद्दल मी मुलीला एवढंच सांगेन: का वाचले याचं माणसांच्या हातातलं कारण आपल्याला माहीत आहे, एका राणीचा शब्द होता. त्यामागे देवाचं काय होतं ते आपण सांगू शकत नाही. जे मेले तेही त्यानेच घडवलेले होते, आणि त्यांच्यासाठी शोक करणं हे आपलं काम आहे.

धागाकर्ती:
योसेफाबद्दल असं कधी मनात आलं नव्हतं. खूप आधार वाटला. आता ३१३ पासून पुन्हा सुरुवात करते, अँब्रोज दोन्ही बाजूंनी घेते, आणि अक्सुमची नाणी धाकट्याकडे सोपवते. १०९६ मध्ये श्पायरच्या बिशपाने तिथल्या ज्यूंना आसरा दिला होता, तेही वर्म्स आणि माइन्झच्या शेजारीच लावते. त्या शहरांबद्दल बारा वर्षांच्या मुलीला झेपेल असं मराठीत कोणी काही लिहिलं असेल, किंवा लिहायला तयार असेल, तर कृपया इथेच कळवा.