बँकेने सील केलेला फ्लॅट, त्रास मात्र आम्हाला

ऐरोलीकर: आमच्या वरचा फ्लॅट बँकेने 2 वर्षांपूर्वी सील केला, तेव्हापासून कबुतरं, बाल्कनीत साचलेलं पाणी, डास आणि आता आमच्या सीलिंगला लीकेज, मेंटेनन्सही थकलाय, धरायचं कोणाला?

वाशीचा सेक्रेटरी: बँकेच्या ऑथोराइज्ड ऑफिसरला सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा, 2002 च्या सरफेसी नियमांत (कर्ज थकलं की बँक ज्यानुसार मालमत्ता ताब्यात घेऊन विकते ते) नियम 8 आहे, ताबा घेतला की मालमत्ता जपणं त्याचं काम. फोनवर बोलू नका, पोच घ्या!

घोडबंदरवाला: थकबाकीचंही त्यातच टाका, लिलाव 'जसं आहे तसं' असतो, म्हणजे थकबाकीसकट, आमच्याकडे नवीन घेणाऱ्याने कुरकुरत का होईना भरली. डासांसाठी महापालिकेला कळवा.

ऐरोलीकर: कळवलं हो, फवारणीवाले आले आणि कुलूप बघून परत गेले 😑