कडवळाच्या जागी गहू विरळ का उगवला?

जिंतूरचा_गडी:
रामराम मंडळी. अर्ध्या एकरात म्हशीसाठी कडवळ (चाऱ्याची ज्वारी) होतं, बाकीच्या रानात सोयाबीन. कडवळ कापलं, आठ दिवसांत रोटा मारून धसकटं तशीच मातीत घातली अन् लगेच गहू पेरला. बियाणं एकच, पाणी एकाच दिवशी, तरी सोयाबीनच्या जागी गच्च उगवलाय आणि इथं टक्कल पडल्यावानी, जो आलाय तोही पिवळट. गंमत म्हणजे माठ, चिघळपण इथं कमीच. वडील म्हणतात ज्वारीनं रान खाल्लं. बियाणं खराब म्हणावं तर बाजूला कसं उगवलं?

काळी_माती:
वडील बरोबर आहेत भाऊ. ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सोर्गोलिओन नावाचा तेलकट पदार्थ पाझरतो, तो कोवळ्या रोपांचं अन्न तयार करायचं काम अडवतो. माठासारख्या बारीक बियांना जास्त फटका, त्यांच्यात शिदोरीच किती असते! आणि धसकटं कुजताना फेनॉलिक आम्लं सुटतात ती वेगळीच, गव्हाचा मोड त्यातच अडकतो. ह्याला अ‍ॅलिलोपॅथी म्हणतात, हा शब्द 1937 ला हान्स मोलिश ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानं काढला.

बांधावरून:
सगळं ज्वारीच्या माथी मारू नका राव. पिवळेपणा बऱ्याचदा नत्राचा असतो. धसकटात कर्ब मोप, नत्र थोडं, मग कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात अन् पीक उपाशी. आधी न उगवलेला दाणा उकरून बघा. कोरडाच असला तर ओल पोचली नाही, रोट्यानं रान पोकळ झालं असंल. मोड येऊन मूळ आखूड, तपकिरी झालं असंल तर मग ज्वारीवर संशय घ्या.

लातूरची_ताई:
दादा, घरी करून बघा की. मी गाजर गवताचं केलं होतं (हातमोजे घालून, नाहीतर खाजून जीव जातो). चिरून रात्रभर भिजवलं, गाळलं, एका ताटलीत ते पाणी, दुसरीत साधं, दोन्हीत ओल्या फडक्यावर गहू. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यात पांढरी लांब मुळं अन् त्या पाण्यात नुसती टोकं. तुम्ही धसकटाचं करा. पण ताटलीत दिसलं तेवढं रानात दिसंलच असं नाही, काळी माती बरंच धरून ठेवते.

जिंतूरचा_गडी:
आत्ताच उकरून आलो. धसकटाला खेटून असलेल्या दाण्यांचेच मोड अडकलेत, वीतभर लांबचे ठीक आहेत. युरिया आत्ताच टाकू का?

बांधावरून:
थांबा, पेरणीनंतर 21 दिवसांनी पाणी द्याल त्याच्यासोबत द्या. आणि पुढच्या वर्षी कडवळाच्या जागी गहू घ्यायचाच असंल तर धसकटं वेचून बांधावर टाका, पेरणी दोन-तीन आठवडे उशिरा करा.