शब्दचर्चा : बकरं बसवणं, भिजत घोंगडं आणि दुकानातली ‘लोकर’

माणगाव :
भात झोडून झालं की घाटावरचे धनगर खाली उतरतात. या वर्षी एक वाडा (मेंढरांसह फिरणाऱ्या धनगरांचा तळ) आमच्या खाचराशेजारी थांबला. त्यातले बाबा माझ्या भावाला म्हणाले, “मालक, बकरं बसवायची का?” पुण्याच्या वहिनी इकडेतिकडे बघायला लागल्या, कारण समोर सगळी मेंढरंच होती. घाटावर मेंढीला बकरी म्हणतात का? आणि ‘बसवणं’ म्हणजे नेमकं काय काय त्यात येतं?

फलटणची, सध्या अलिबाग :
हो दादा, म्हणतात. आमच्याकडे धनगराच्या तोंडी ‘बकरं’ म्हणजे मेंढरूच. शेळीला शेळी नाहीतर शेरडू. “बकरी राखतो” असं सांगणाऱ्याच्या मागे मेंढरांचं खांड असतं आणि त्यात चहापुरत्या दुधाची चार शेरडं. पिलू ते कोकरू, मोठा नर तो मेंढा किंवा एडका. हा ‘एडका’ संस्कृत ‘एडक’वरून आलाय, म्हणजे चांगला जुना शब्द आहे. 

‘बसवणं’ म्हणजे खांडाचा रात्रीचा मुक्काम शेतात ठेवणं. वाघर (जाळी) खुंट्यांवर ताणायची, आत मेंढरं कोंडायची. रात्रभर लेंडी आणि मूत जमिनीवर पडतं, खुरांखाली तुडवलं जातं. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात. असं करत सगळी खाचरं झाली की “शेत बसवून झालं”. मोबदला भात, तांदूळ नाहीतर रोख, जसं ठरेल तसं, आणि घासाघीस दोन्हीकडून. यात ‘खत विकलं’ किंवा ‘खत घेतलं’ असं कुणी म्हणत नाही. सरकारी पत्रकात याला ‘सेंद्रिय खत व्यवस्थापन’ केलेलं वाचलं होतं. तिथे ‘मेंढरं बसवणे’ लिहिलं असतं तर शेतकऱ्याला एका दमात कळलं असतं.

राजापूर :
ताईंनी छान सांगितलं. त्याला आमच्या बाजूची एक पुरवणी. खालच्या कोकणात ‘धनगर’ म्हटलं की मेंढरू डोळ्यांपुढे येतच नाही. आमचे ते गवळी धनगर. डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी, दावणीला गाई-म्हशी, धंदा दूध-तुपाचा. मेंढरं घेऊन उतरतात ते घाटावरचे, बहुतेक हटकर (धनगरांतली मेंढपाळ पोटजात). बातम्यांत ‘कोकणातील धनगर मेंढपाळ’ असं सरसकट ठोकून देतात, तेव्हा दोन्हीकडची माणसं हसत असणार.

मेंढरू इथे बारमाही राहत नाही, कारण पाऊस. चिखलात खुरं सडतात, अंगावरची लोकर वाळत नाही. म्हणून मिरगाच्या आत वाडे घाट चढून माघारी.

गुहागर :
गंमत बघा, जनावर ज्या पावसाला टिकत नाही त्याच पावसात त्याची लोकर आम्ही डोक्यावर घेतो. लावणीला बायका इरल्यात (बांबू-पानांच्या आच्छादनात) आणि पुरुष घोंगडीच्या खोळीत, हे चित्र प्लास्टिकचे कागद येईपर्यंत घरोघरी होतं. घोंगडी दुमडून टोपीसारखी डोक्यावर घेतली की ती ‘खोळ’. आमची आजी घोंगडी न म्हणता ‘कांबळं’ म्हणायची. ‘जेन’ वेगळं बरं का. घोंगडी सणगर (घोंगड्या विणणारा कारागीर) मागावर विणतो, जेन विणत नाहीत, लोकर पसरून, भिजवून, दाबून-मळून थापतात.

विणताना ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी म्हणूनच इतकी ताठ असते की भिंतीला टेकवून उभी राहील. जाडाभरडा धागा आणि लोकरीतला मूळचा स्निग्धांश, यामुळे सरीचं पाणी वरून ओघळतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि तो ओलावा घेताना थोडी ऊबही देते. पण एकदा का चिंब झाली, की आषाढात दांडीवर टाकून बसा. उचलवत नाही आणि वाळतही नाही. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार त्यामुळे आम्हाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो फसलेल्या कामाला लावू नये, रेंगाळलेल्या कामाला लावावा. उदाहरणार्थ, सामायिक आंब्याच्या कलमांच्या वाटणीचं भिजत घोंगडं. हे प्रत्येक घरात एक असतंच.

राजापूर :
आमच्या घरात दोन आहेत. आणि निवडणूक आली की ‘घोंगडी बैठका’ सुरू होतात. तिथे खाली असते सतरंजी.

फलटणची, सध्या अलिबाग :
😀 माझी खरी तक्रार ‘लोकर’ शब्दाबद्दल आहे. अलिबागच्या दुकानात लोकर मागितली की गुंडी हातात येते ती ॲक्रिलिकची. विणकामाचा कुठलाही फुगीर धागा म्हणजे लोकर, असा अर्थ रूढ झालाय आणि खऱ्या लोकरीला ‘शुद्ध लोकर’ म्हणवून घ्यावं लागतंय. ओळखायचं असेल तर एक धागा पेटवा. लोकर केस जळल्याचा वास सोडते, धड पेटत नाही आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला किलोभराच्या आतच, तीही भरड आणि बहुतेक काळी. स्वेटरला नाही चालत, घोंगडीला मात्र तीच हवी. त्यातही कोकराची पहिली कातरण म्हणजे ‘जावळ’. मूल काय, कोकरू काय, शब्द एकच. जावळाची घोंगडी मऊ आणि महाग. पण आता पैसा मटणात. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, पोपटनाकी, तिच्या अंगावर लोकर नावालाच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ केली, तीही कोकरं वाढावीत म्हणूनच.

जाता जाता, या सगळ्यांना ‘प्रजाती’ लिहू नका. मेंढी ही एकच प्रजाती, दख्खनी आणि माडग्याळ या तिच्या जाती. ‘वाण’ बियाण्याला ठेवा.

माणगाव :
सगळं उतरवून घेतलं. बाबांकडूनच एक घोंगडी मागवली आहे. मशीनमध्ये धुतली तर चालेल का?

गुहागर :
अजिबात नको! गरम पाण्यात घुसळली की ती ‘आटते’, धागे एकमेकांत गुंततात आणि घोंगडीचं जेन होतं. थंड पाण्यातून नुसती काढा, न पिळता सावलीत निथळू द्या. तेही दिवाळीनंतर.