कॅन्सरची गाठ टी पेशींना, म्हणजे तिला मारू शकणाऱ्या प्रतिकारपेशींना, गप्प करते, हे उंदरांत दिसलं. माणसाच्या बाबतीत त्यावर किती विसंबायचं?

धागाकर्ता:
मी दोन वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या कुशीतल्या गाठी कॅलिपरनं मोजल्या आहेत. अशी गाठ कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आत टी पेशी दिसतात, कधीकधी भरपूर. पोचलेल्या असतात, पण मारत नाहीत. गाठीच्या पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला चिकटतं आणि टी पेशीला ब्रेक लागतो. भरीला इतर टी पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी, त्यांना दाबणारा टीजीएफ-बीटा हा संदेशरेणू आणि गाठीतलं लॅक्टिक आम्ल. १९९६ साली जेम्स अ‍ॅलिसन यांच्या गटानं सीटीएलए-४ हा टी पेशींवरचा दुसरा ब्रेक प्रतिपिंडानं (अँटिबॉडीनं) अडवला आणि उंदरांनी गाठी परतवून लावल्या. त्याच तत्त्वावरच्या इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत २०११मध्ये मंजुरी मिळाली. म्हणूनच ‘उंदरांवरचं काम फुकट’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

रानवारा:
उदाहरण सोयीचं निवडलंत. आयडीओचं काय? हे विकर (एन्झाइम) ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवून टी पेशींची उपासमार करतं. उंदरांत ते अडवल्यावर निकाल छान होते. पण २०१८मध्ये मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पीडी-१ अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबला आयडीओ अडवणाऱ्या एपॅकाडोस्टॅटची जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही. तुमची उंदरात पेशी टोचून केलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढते. माणसाची अनेकदा वर्षानुवर्षं प्रतिकारपेशींशी झुंजत तयार होते. तिचे डावपेच तेवढेच मुरलेले असणार.

धागाकर्ता:
उलटंही घडलंय. उंदरांच्या बी१६ या प्रयोगशाळेतल्या मेलानोमावर एकट्या सीटीएलए-४ प्रतिपिंडाचा फारसा परिणाम होत नाही, आणि माणसांत इपिलिमुमॅब पहिल्यांदा मंजूर झालं ते मेलानोमासाठीच! ब्रेक कुठे आहे ते उंदीर सांगतो. कोणत्या गाठीत तो सोडून भागेल, हे त्याला विचारू नये.

निरीक्षक:
दोघंही गाठीबद्दलच बोलताय. मला खोट पिंजऱ्यात दिसते. स्वच्छ पिंजऱ्यातल्या उंदराची प्रतिकारयंत्रणा माणसाच्या नवजात बाळासारखी असते, हे २०१६मध्ये दाखवलं गेलंय. अनेक जंतू झेललेल्या, पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदरांसोबत ठेवल्यावर ती प्रौढ माणसाच्या जवळ गेली. कॅन्सरचे बहुतेक रुग्ण वयस्कर, आणि आपले उंदीर मात्र कोवळे.

रानवारा:
मग आपोआप उद्भवणाऱ्या गाठींत तपासल्याशिवाय नवा रेणू माणसांपर्यंत नेऊच नये.

धागाकर्ता:
तशा गाठी यायला महिने लागतात, प्रत्येक उंदरात वेगळ्या वेळी. रुग्णांकडे तेवढे महिने नसतात हो.

रानवारा:
फसलेल्या चाचणीतही त्यांचेच महिने जातात.