कोलेजन पावडर: गुडघे आणि केस दोन्हींसाठी एकच डबा चालेल का? घर शाकाहारी (बडोदे)

मुग्धा_वाडी
सासूबाई ६३ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज, वजन जास्त. मला ऑक्टोबरात डेंग्यू झाला होता, आता केस मुठीने गळतायत. रावपुऱ्यातल्या केमिस्टने दोघींसाठी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घातलेली मरीन कोलेजन पावडर सुचवली. घरात अंडंसुद्धा येत नाही. मरीन म्हणजे शेवाळाचं असतं का? रोज किती घ्यायचं? चेहऱ्यालाही फायदा होतो म्हणे.

लेबल_वाचा
शेवाळ नाही, मासळीची कातडी आणि खवले. कोलेजन म्हणजे त्वचा, सांधे, हाडं यांतलं प्रथिन, ते फक्त प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. बाजारातलं गाय, डुक्कर, कोंबडी किंवा मासळीचं असतं. हिरव्या ठिपक्याचं जे 'कोलेजन बिल्डर' मिळतं त्यात कोलेजन नसतंच. क जीवनसत्त्व, अमिनो आम्लं, बांबूचा अर्क आणि हादग्याच्या पानांतलं बायोटिन, एवढाच मसाला. तो घ्यायचा तर घ्या, पण कोलेजनच्या किमतीला नको. आणि इतकं कडक पाळत असाल तर कॅप्सूलचं कवचही बघा, ते बऱ्याचदा जिलेटिनचं असतं; जिलेटिन म्हणजे उकळून काढलेलं कोलेजनच.

मात्रेत लोक सर्वांत जास्त फसतात. पावडरीतलं 'हायड्रोलाइज्ड' कोलेजन म्हणजे बारीक तुकडे केलेलं प्रथिन. त्वचेच्या अभ्यासांत ते साधारण २.५ ते १० ग्रॅम रोज, ८ ते १२ आठवडे दिलेलं असतं. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतलीत तर ५ ग्रॅमसाठी दहा गोळ्या होतात. गमीजमध्ये तर साखरच जास्त. 'अनडिनेचर्ड टाइप २' (मूळ रचना न मोडलेलं कोलेजन) मात्र वेगळी वस्तू: कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतून काढतात, मात्रा रोज ४० मिलिग्रॅम. तिथे ग्रॅम शोधू नका, आणि ती गरम दुधात विरघळवू नका, उष्णतेने तिची मूळ रचनाच मोडते.

चेहऱ्याचं म्हणाल तर २०२५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेले अभ्यास वेगळे काढले, तेव्हा ओलावा, लवचिकपणा, सुरकुत्या, कशातच फरक दिसला नाही. बडोद्याच्या उन्हात त्याच पैशाचं एसपीएफ ३० चं सनस्क्रीन जास्त कामाचं. ऊन त्वचेतलं कोलेजन तोडतं, ते तुटूच न देणं स्वस्त पडतं.

प्रयोगशाळेतून
केसांबद्दल. केस केराटिन नावाच्या वेगळ्या प्रथिनाचे असतात, कोलेजनचे नाहीत, आणि कोलेजनने गळती थांबते याला म्हणण्यासारखा पुरावा नाही. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात. एकदम बऱ्याच मुळांनी विश्रांती घेतलेली असते. बहुतेकांचं सहा महिन्यांत आपोआप थांबतं. तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी-१२ करून घ्या. शाकाहारी बाईत फेरिटिन आणि बी-१२ कमी निघायची शक्यता चांगलीच असते.

बायोटिन चालू असेल तर लॅबला आधी सांगा आणि निदान दोन दिवस बंद ठेवा, मात्रा मोठी असेल तर जास्त. बऱ्याच यंत्रांत चाचणीच बायोटिनवर चालते, म्हणून टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटाच जास्त येतो. मग नसलेल्या थायरॉइडच्या आजारावर उपचार सुरू! हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणीही खोटी कमी दिसू शकते, ते जास्त धोक्याचं.

सांधे_आणि_स्नायू
लेबल_वाचा यांचं त्वचेबाबत पटतं, पण गुडघ्याला तोच न्याय लावू नये. झिजेच्या दुखण्यात रोज १० ग्रॅम, तीन ते सहा महिने, असे प्रयोग झाले आहेत आणि काहींत दुखणं थोडं उतरलेलं दिसतं. झिजलेली कूर्चा परत भरत नाही, एवढं सासूबाईंना स्पष्ट सांगा. शाकाहारामुळे तुमच्या घरी तो प्रश्नच मिटतो.

त्याऐवजी मांडीचा पुढचा स्नायू बळकट करा. उताणं झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ, फूटभर उचलून ५ सेकंद धरायचा. १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. पाय झटक्याने खाली टाकला तर उपयोग निम्मा. वजन ५ टक्के उतरलं तरी जिने चढताना कळतं. 'जॉइंट' लिहिलेल्या बऱ्याच गोळ्यांत ग्लुकोसामाइनही असतं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्याने ते विचारल्याशिवाय नको, रक्त जास्त पातळ होतं. मुतखडा होऊन गेलेल्याने कोलेजनही जपून, त्यातल्या हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लाचं शरीरात ऑक्झॅलेट बनतं, आणि बरेच खडे त्याचेच असतात.

मुग्धा_वाडी
आभार. पावडर राहू दे. पण मग प्रथिनांसाठी काय? सासूबाई सकाळी नुसते चहा-खाखरे घेतात.

लेबल_वाचा
तसंही कोलेजनने ती कमतरता भरली नसती, त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नाही, म्हणजे ते अपुरं प्रथिन. खाखऱ्याबरोबर मुगाचा पुडा (धिरडं) किंवा वाटीभर घट्ट दही द्या, जेवणात वरण पातळ नको. शरीर स्वतःचं कोलेजन बांधतं त्याला क जीवनसत्त्व लागतं; थंडीत एक पेरू किंवा आवळा पुरे. आवळ्याचा मुरंबा चालणार नाही, पाकात शिजून बरंच क निघून जातं आणि साखर तेवढी राहते.

सांधे_आणि_स्नायू
बी-१२ कमी निघालं तर मात्र दही-पेरूवर थांबू नका, गोळी लागेलच.