फियाटच्या उघड्या बॉडीसाठी डॉली (बॉडी ठेवून सरकवायची चाकांची फ्रेम) बनवायचीय, पाइप कुठला, चाकं कुठली आणि टेकू कुठे द्यायचा?

पत्र्याचा_नाद
मंडळी नमस्कार. फियाट ११०० पूर्ण उघडली आहे, इंजिन गिअरबॉक्स काच सीट सगळं बाहेर, आता पुढचं सस्पेन्शन आणि मागचा एक्सल उतरवायचाय म्हणजे चाकं गेली की बॉडी तिथेच बसणार. जागा जेमतेम एका गाडीची, त्यामुळे काम नसेल तेव्हा बॉडी आडवी सरकवून भिंतीला लावता आली पाहिजे. दोन्ही सिल (दरवाजांखालच्या लांब पत्र्याच्या पेट्या) आणि पुढच्या सीटखालचा पत्रा बदलावा लागणार, बोट लावलं तरी आरपार जातंय. माझा विचार असा की ४० बाय ४० च्या स्क्वेअर पाइपची आयताकृती फ्रेम, चार कोपऱ्यांना चार कॅस्टर (ट्रॉलीला असतात तशी चाकं), आणि वर सिलखाली लाकडी ठोकळे ठेवून बॉडी त्यावर बसवायची. चालेल का? चाकं किती इंची घेऊ? वेल्डिंग मी स्वतः करतो, बरं जमतं.

ग्राइंडरभाऊ
ठोकळे सिलखाली?? अहो जे कापून टाकायचंय त्याच्यावरच गाडी बसवणार का? सिल कापली की खाली काय उरलं सांगा बघू.

डॉलीचं पहिलं काम गाडी हलवणं नाही हो, कापाकापी चालू असताना बॉडीचा आकार धरून ठेवणं हे आहे, चाकं त्यानंतर. टेकू तिथेच द्यायचा जिथे कंपनीने गाडीचा भार घेतलाय, म्हणजे पुढे सस्पेन्शन ज्या भोकांना बोल्ट होतं तिथे आणि मागे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरना. फ्रेमवरून उभे खांब काढायचे, खांबाच्या डोक्यावर ६ किंवा ८ एमएमची प्लेट, त्या प्लेटला भोकं पाडून गाडीच्याच मूळ बोल्टांनी कसायचं. नुसतं ठेवायचं नाही, कसायचं. मागच्या हँगरवर आधी हातोडी वाजवून बघा, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आधी तो दुरुस्त करा आणि मग त्यावर भार द्या.

पाइप ५० बाय ५०, जाडी ३ एमएम घ्या. मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो, पूर्ण फ्रेम साठेक किलोत बसते. ४० चा पण वजन पेलेल, पण एवढ्या लांबीत पीळ जास्त खातो आणि फ्रेम पिळली की बॉडी पण तिच्याबरोबर पिळणार. आयत केला तर मध्ये एक तिरकी पट्टी नक्की टाका. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्तात मिळतोय म्हणून आणू नका, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जुनं_ते_सोनं
एवढा व्याप कशाला? फियाटची बॉडी चासीवरून सोडवायची आणि दोन लाकडी घोड्यांवर ठेवायची, चार माणसं आली की उचलतात. आमच्याकडे जुन्या गाड्यांचं असंच चालायचं.

ग्राइंडरभाऊ
@जुनं_ते_सोनं दादा, ती चासीवाली ११०० आधीची. १९५३ साली ११००-१०३ आली तेव्हापासून मोनोकॉक आहे, सोडवायला चासीच नाही, सिल आणि फ्लोअर हीच तिची चासी समजा. तीच काढली तर घोडीवर बॉडी मधोमध खचते आणि दरवाजे लागत नाहीत. शिवाय सिलला वेल्डिंग म्हणजे ठिणग्या खाली पडणारच, त्यात लाकूड नको.

जुनं_ते_सोनं
बरं बरं, मी चासीवालीच धरून चाललो होतो 😄

कॅस्टरपुराण
चाकांवर बोलतो कारण लोक सगळा पैसा पाइपात घालतात आणि चाकं खेळण्यातली लावतात.

वजनाचा हिशोब असा की बॉडी तीनशे किलो धरा, डॉली साठ, झाले ३६०. हे चाराने भागायचं नाही, तीनाने भागायचं, कारण जमीन कधीच सपाट नसते आणि सरकवताना एक चाक हमखास अधांतरी असतं. म्हणजे एका चाकावर १२० आले, वर धक्के, तर २०० किलोचं कॅस्टर घ्या. व्यास १२५ एमएम, म्हणजे ५ इंच. ३ इंची चाक लादीच्या फटीत किंवा पडलेल्या नटवर अडकतं आणि तुम्ही मागून ढकलत असता, मग पुढे काय होतं ते सांगायला नको.

आडवी सरकवायचीय म्हणता तर चारही फिरती लागतील. तोटा असा की उतार असेल तर डॉली स्वतःच्या मर्जीने जाते, म्हणून चारही ब्रेकवाली घ्या. रबर नको, महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की चाक खालून चपटं होतं. पीयू (पॉलियुरेथेन) चांगलं, आवाज नाही, जोर कमी लागतो, फक्त वेल्डिंग करताना वरून काहीतरी झाका नाहीतर ठिणगीने खड्डे पडतात. बिडाची चाकं जळत नाहीत पण लादीची वाट लावतात.

अजून एक, फिरतं चाक गोल फिरताना प्लेटच्या मध्यापासून चारेक इंच जागा खातं. फ्रेमला किंवा खांबाला घासत नाही ना ते चाक हाताने पूर्ण फिरवून बघा आणि मगच प्लेट पक्की करा. प्लेट बोल्टनेच लावा, वेल्ड करू नका, बेअरिंगचं ग्रीस जळतं आणि चाक बदलायचं झालं तर ग्राइंडर काढावा लागतो.

पत्र्याचा_नाद
बापरे, बरं झालं विचारलं. सिलखालचे ठोकळे रद्द. दोन शंका. एक, बॉडीला जॅक लावून वर घेतली की घोड्या आणि जॅक मध्येच येणार, मग अख्खी फ्रेम खाली सरकवायची कशी? दोन, सिल कापायच्या आधी आतून ब्रेसिंग (आकार धरायला तात्पुरते पाइप) करतात म्हणे, ते डॉली असताना पण लागतं का?

ग्राइंडरभाऊ
फ्रेम एकसंध करूच नका. दोन लांब रेल वेगळ्या, आडव्या पट्ट्या वेगळ्या, जोडाला फ्लँज (बोल्टच्या भोकांची प्लेट) आणि एम१२ चे बोल्ट. रेल एकेका बाजूने आत सरकवायची, मग पुढून मागून आडव्या लावायच्या, घोड्या मध्ये असल्या तरी अडत नाही. काम संपल्यावर सोडवून भिंतीला उभी पण राहते.

क्रम महत्त्वाचा आहे. गाडी चाकांवर असतानाच दरवाजे लावून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. फटी बरोबर असतील तर तेव्हाच ब्रेसिंग करा, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत तिरकं, आणि डावीकडून उजवीकडे एक आडवं. हो, डॉली असली तरी लागतं, डॉली खालून धरते, दरवाजाच्या चौकटीचं वरचं तोंड तिला धरता येत नाही. ब्रेस चौकटीपासून थोडा आत घ्या म्हणजे तो असताना दरवाजा बंद करून बघता येईल, हे लोक विसरतात आणि मग सिल टॅक केल्यावर फट तपासायला ब्रेस कापत बसतात.

मग सस्पेन्शन उतरवा, रेल घाला, खांब गाडीला आधी बोल्टने कसा आणि खाली रेलला नुसते टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. खांब गाडीच्या मापाने बसले पाहिजेत, गाडी खांबाच्या मापाने ओढायची नाही. एखादी प्लेट दोन सूत खाली राहिली तर बोल्ट आवळून ती वर खेचू नका, शिम (पातळ पत्री) घाला. लेव्हल ट्यूबने चारही कोपरे एका पातळीत आणा, दोन्ही कर्ण मोजा, जुळले की पक्कं वेल्ड.

ठिणगी_७
वरचं सगळं बरोबर, माझी थोडी भर. सिल वेल्ड करताना डॉली तिच्या चाकांवर ठेवू नका, चारही कोपऱ्यांना नट वेल्ड करून त्यात उलटे बोल्ट घाला, खाली फिरवले की डॉली पायांवर उभी राहते आणि चाकं मोकळी. जमीन वाकडी असेल तर पातळी पण याच बोल्टांनी साधते. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा क्लँप डॉलीला लावायचा नाही, जिथे वेल्ड करताय तिथल्याच पत्र्याला घासून लावा.

ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज काढायला) पाठवणार असाल तर चाकांना प्लास्टिक गुंडाळा, वाळू बेअरिंगमध्ये गेली की चाक करकरायला लागतं. आणि पुढच्या आडव्या पट्टीला एक जाड कडी वेल्ड करून ठेवा, टेम्पोवर चढवताना विंचचा हुक बॉडीला लावायची वेळ येत नाही.

पत्र्याचा_नाद
५० चा पाइप सांगून आलो. बॉडी किती उंचीवर ठेवू? खाली झोपून फ्लोअर वेल्ड करायचंय.

ग्राइंडरभाऊ
खाली झोपून करायचं असेल तर उंच करून उपयोग नाही, दोन फूट घेतली तरी ठिणग्या तोंडावरच. फ्लोअरची वेल्डिंग वरून आतूनच करा, खालून फक्त शेवटची घासणी आणि सीलर. डॉली खालीच ठेवा, फक्त खांब इतके घ्या की सिलखाली ग्राइंडर धरून हात मोकळा फिरला पाहिजे. उंच डॉली सरकवताना डोलते, आणि तुम्हाला भिंतीला आडवी लावायचीय.