कोळ्यांची उत्क्रांती: परिसर म्हणजे नुसतं नेपथ्य?

पाचोळा
काल एका पोस्टमध्ये ठणकावून लिहिलेलं वाचलं की कोळ्यांची उत्क्रांती म्हणजे मादीची पसंती आणि नराचा जीव, बाकी हवामान, जंगल, शहर हे सगळं नेपथ्य. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून हा धागा. अमेरिकेतले शिझोकोसा लांडगा कोळी (जाळं न विणता जमिनीवर हिंडून शिकार करणारे) घ्या, त्यातल्या ओक्रिएटा आणि रोव्हनेरी या दोन जाती. माद्या शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येत नाही. ओक्रिएटाच्या नराच्या पुढच्या पायांवर केसांचे झुबके, ते हलवून दाखवतो आणि कंपनंही पाठवतो. रोव्हनेरीला झुबके नाहीत, त्याची भिस्त कंपनांवर. कारण पहिला राहतो भुसभुशीत थरांच्या पाचोळ्यात, तिथे एका पानावरची थरथर पलीकडच्या पानावर धड पोचत नाही, दुसरा पुराने दाबून सपाट झालेल्या पाचोळ्यात. मादीला काय दिसणार, काय जाणवणार हे आधी पाचोळा ठरवतो, पसंती त्यानंतर. याला नेपथ्य म्हणायचं?

आठ_डोळे
ती पोस्ट माझीच, आणि शब्दावर ठाम आहे. तुमच्याच दोन जातींचं जबरदस्तीने मिलन घडवलं तर पिल्लं होतात. निसर्गात होत नाहीत, कारण मादी परक्या नराला दाद देत नाही. भिंत पाचोळ्याने नाही घातली, मादीने घातली. अ‍ॅरिझोनातला हॅब्रोनॅटस प्युजिलिस हा उड्या मारणारा कोळी बघा, डोंगरमाथ्यांवरची जंगलं साधारण सारखीच, पण डोंगर बदलला की नराच्या चेहऱ्याची नक्षी बदलते, नाच बदलतो. परिसर तोच असताना हे झालं कसं?

पाचोळा
परिसर तोच? ते डोंगर वेगळे का पडले हे सोयीस्कर गाळलंत. हिमयुगात ही जंगलं खाली पसरलेली होती, हवा तापली तशी माथ्यावर सरकली आणि मध्ये वाळवंट आलं. कोळी आपापल्या माथ्यावर अडकले नसते तर नाच कशाला वेगळे झाले असते.

रात्रपाळी
तुमच्या वादात पडायचं नव्हतं, पण "नराचा जीव" वाचलं की माझं डोकं फिरतं. कोळी म्हटलं की दर वेळी तेच, मादी नराला खाते. मी उड्या मारणारे कोळी पाळलेत, चार जोड्या समोर बसून बघितल्यात. मादीचं पोट भरलेलं असेल तर नर नाचतो, जमलं नाही तर पळतो, संपलं. एकदाच माझ्याकडून मादी उपाशी राहिली आणि तिने नर धरला, तोही नाच सुरू व्हायच्या आधी, म्हणजे तिच्या लेखी तो जोडीदार नव्हताच, भक्ष्य होतं. डबा लहान, त्याला पळायला जागा नाही. चूक माझी होती, अजून वाईट वाटतं. असले डब्यातले प्रकार बघून लोक जंगलाचे नियम सांगतात याचा मनापासून राग येतो.

आठ_डोळे
तुमचे चार डबे म्हणजे पुरावा नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅक कोळ्याचा नर मिलन चालू असताना स्वतः कोलांटी मारून आपलं पोट मादीच्या दातांपुढे ठेवतो. संशोधक मेडियान अँड्रेड यांनी १९९६ मध्ये दाखवलं की खाल्ल्या गेलेल्या नराचं मिलन जास्त वेळ चालतं, साधारण दुप्पट अंडी त्याच्या वाट्याला येतात आणि मादी नंतर दुसऱ्याला सहसा जवळ करत नाही. आता बोला.

रात्रपाळी
बोलतो ना. अर्धंच का सांगता? त्या जातीतले ८० टक्क्यांहून जास्त नर मादी सापडायच्या आधीच वाटेत मरतात. दुसरी मादी भेटायची आशाच नसेल तर जीव राखून उपयोग काय? कोलांटी मादीच्या आवडीमुळे नाही, त्या जीवघेण्या वाटेमुळे परवडते. शिवाय २०१६ मध्ये दाखवलंय की हेच नर शेवटची कात टाकायच्या बेतात असलेल्या, म्हणजे अजून प्रौढ न झालेल्या मादीशीही मिलन करतात, आणि तेव्हा क्वचितच खाल्ले जातात. हे तुमच्या पोस्टमध्ये का नव्हतं?

विणकर
आणि तो "बुटका नर" शब्द कोणी तरी बंद करा! चक्राकार जाळं विणणाऱ्यांत बऱ्याच वंशांत नर लहान झालेलाच नाही, मादी मोठी झालीय, मोठ्या पोटात जास्त अंडी मावतात म्हणून. १९९७ पासून लिहिलं जातंय तरी प्रत्येक लेखात बिचारा खुजा नवरा आहेच.

आठ_डोळे
मी बुटका म्हटलेलंच नाही, उगाच माझ्या गळ्यात घालू नका. चार बाजूंनी चौघं धावून येणार असाल तर चर्चा कशाला?

पाचोळा
चौघं नाही, तिघं. आणि मादी मोठी होण्याचा विषय निघालाच आहे तर ग्रीनलंडचा लांडगा कोळी पार्डोसा ग्लेशियालिस घ्या. ज्या वर्षी बर्फ लवकर वितळतं त्या वर्षीचे कोळी मोठे निघतात, आणि माद्या नरांपेक्षा जास्त वाढतात. म्हणजे नर-मादीतलं अंतर वसंत कधी आला यावर हलतं. ते हललं की जोडी जमवण्याचं गणितही हलणार.

आठ_डोळे
ग्रीनलंडचं मान्य, पर्याय नाही म्हणून मान्य. "नेपथ्य" मागे घेतो. पण वास्प स्पायडर, अर्जिओपे ब्रुएनिखी, भूमध्य समुद्राकडून थेट बाल्टिकपर्यंत पोचला तो पूर्वेकडच्या कोळ्यांशी संकर झाल्यामुळे. थंडी सोसायचा गुण मिलनातून आला, हवेतून नाही.

पाचोळा
आणि त्या संकरातले कुठले टिकले हे कोणी ठरवलं? थंडीनेच ना?

रात्रपाळी
रेडबॅकच्या वाटेचं उत्तर अजून आलेलं नाही. मी थांबलोय.